शिवकन्या सिस्टरची चौकशी

हे घडलं दोन हजार तेवीस साली. दिवाळी उरकली होती, कापसाचे टेम्पो जिंतूरच्या रस्त्याला लागले होते आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना कापसाचे पुंजके अडकून राहिले होते.

शिवकन्या तेव्हा सूर्यभान डॉक्टरांच्या दवाखान्यात नर्स होती. तिचे वडील येडबा येलदरीकडच्या एका वाडीवर मेंढरं राखायचे. पोरगी शिकली, पांढऱ्या कपड्यात उभी राहिली, याचा त्यांना अभिमान होता. पण ते तो बोलून दाखवत नसत. जिंतुरात ती भक्तीबरोबर खोली घेऊन राहायची. भक्तीही त्याच दवाखान्यात नर्स होती आणि तोंडाची फटकळ होती.

त्या पावसाळ्यात गीताबाई नावाच्या बाईला साप चावला म्हणून आणलं होतं. डॉक्टर परगावी होते. शिवकन्यानं फोनवर त्यांना विचारून इंजेक्शन सुरू केलं, गाडी बोलावली आणि बाईला परभणीला पाठवलं. बाई वाचली, पण पायाचं एक बोट गेलं. तिचा मुलगा बालाजी दवाखान्याच्या पायरीवर उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "सिस्टरनं उशीर केला. मी वकील लावणार हाय."

त्यानंतर बालाजी काही आला नाही. पण शिवकन्याच्या मनातून तो वकील गेला नाही. आपली नोकरी जाईल, नर्सिंगची नोंदणी जाईल, वडिलांची, आबांची मान खाली जाईल, हेच तिला दिसायचं. मग तिनं आरोग्य कायद्याच्या ऑनलाइन कोर्सला नाव घातलं. दवाखान्यात काम करणाऱ्यांसाठीच तो कोर्स होता. ड्युटी संपली की खोलीवर येऊन ती मोबाईल डब्याला टेकवून बसायची आणि पुण्याचे सर शिकवायचे... रुग्णाची संमती कशी घ्यावी, केसपेपरवर काय लिहावं, परक्या माणसाला काय सांगू नये. कायदा कळला की भीती कमी होईल असं तिला वाटलं होतं. झालं उलटंच. आता कशाकशाला भ्यायचं हेही तिला कळू लागलं.

अशात एका दुपारी तो आला.

उंच, सावळा, हातात हेल्मेट, शर्टाच्या बाहीला गवताची काडी चिकटलेली. बरोबर पेशंट नाही, हातात केसपेपर नाही.

"शिवकन्या सिस्टर कोण?"

शिवकन्याच्या तोंडाला मास्क होता. "काय काम होतं?"

"काम असं न्हाई... त्यांच्याबद्दल जरा इचारायचं होतं."

तिला बालाजीचा वकील आठवला. "त्या रजेवर हायेत."

"आन तुमी?"

"मी... भक्ती."

मागं सलाईनची बाटली घेऊन उभी असलेली खरी भक्ती जागच्या जागी थांबली.

"बरं, भक्ती सिस्टर. त्या कामाला कशा हायेत? वेंधळ्या, रागीट, असं काई?"

"तुमी कोण इचारणारे?"

"मल्हार. चुडाव्याचा. हितं येलदरी रोडला जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला हाय."

"जनावरांच्या दवाखान्याचं माणसांच्या दवाखान्यात काय काम?"

"हितंबी शिंगं मारतात, हे आत्ता कळलं," तो म्हणाला आणि हसत बाहेर पडला.

हसणं चांगलं होतं. पण आपल्या प्रश्नाचं उत्तर त्यानं दिलं नाही, हे शिवकन्याच्या ध्यानात राहिलं.

"माझं नाव वापरायच्या आधी मला इचारायचं तरी," भक्ती संध्याकाळी म्हणाली. "उद्या केस झाली तर मी अडकन."

"तो वकिलाचा माणूस हाय, भक्ते. माझी खात्री हाय."

"असंल. पण वकिलाच्या माणसाला इतकं गोड हसायचा पगार कोण देतं?"

आठवड्यानं तो तिला बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर दिसला. टाळून जाता आलं असतं. पण याला कुणी पाठवलंय हे काढून घ्यावं, म्हणून ती आपणहून त्याच्या समोरच्या बाकड्यावर बसली.

"झाली का शिवकन्या सिस्टरची चौकशी?"

"कुठं झाली? तुमी काई सांगनात."

"आधी सांगा, कुणासाठी करायलात?"

त्यानं चहाची बशी खाली ठेवली. "घरच्याच एका माणसासाठी. त्याचं नाव आत्ता सांगता येत न्हाई."

बरोबरच आहे, तिनं मनात म्हटलं, अशिलाचं नाव कोण सांगेल?

"त्या संध्याकाळी मोबाईलवर कुणाशी बोलतात?" त्यानं हळूच विचारलं. "खोलीतून माणसाचा आवाज येतो म्हणं."

म्हणजे खोलीवरसुद्धा कुणाची तरी पाळत होती.

"मास्तरांचा आवाज हाय तो. शिकायलीय ती."

"काय शिकायलीय?"

"दवाखान्याचा कायदा."

"नर्सबाईला कायदा कशाला?"

"तुमच्यासारखे येतात म्हणून."

तो इतका हसला की टपरीवाल्यानं वळून पाहिलं. ऊन कलतं झालं होतं आणि थेट तिच्या डोळ्यांवर येत होतं. बोलता बोलता मल्हार उठला आणि आपलं बाकडं सरकवून असा बसला की त्याची सावली तिच्या तोंडावर पडली. त्याबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. साक्षीदाराला मऊ करायची ही रीत असेल, असं शिवकन्यानं ठरवलं. तरी त्या सावलीतून तिला उठवेना.

मग तो येत राहिला आणि तीही टपरीवर जात राहिली. दोघं एकमेकांची उलटतपासणी घ्यायची. तो मधेच अडलेल्या मेंढीची गोष्ट सांगायचा, आणि मेंढरांत वाढलेली शिवकन्या आपण भक्ती आहोत हे विसरून चार शहाणपणाच्या गोष्टी बोलून जायची.

"शिवकन्या हट्टी हाय," एकदा ती म्हणाली. "आपलं चुकलं असं वाटलं की तिला झोप येत न्हाई."

मल्हारनं बशी बाजूला सारली. "मंग माणूस चांगलं हाय." आणि मग खाली बघत म्हणाला, "त्यांचं ऱ्हाऊ द्या आता. तुमचं सांगा की... भक्ती."

सिस्टर हा शब्द त्यानं पहिल्यांदाच गाळला होता. तिच्या अंगावर काटा आला, आणि लगेच वाईटही वाटलं. एवढ्या मायेनं मारलेली हाक, आणि ती दुसरीच्या नावानं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिनं ते पाहिलं. बाजारात, कापसाच्या टेम्पोच्या आडोशाला मल्हार उभा होता, आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून बालाजी बोलत होता. गीताबाईचा बालाजी. मल्हार मान डोलवत होता.

शिवकन्या आल्या पावली परतली. एवढे दिवस टपरीवर आपण काय काय बोललो, ते ती आठवत राहिली. तिचं टपरीवर जाणं बंद झालं. तो दवाखान्यात आला तेव्हा भक्तीनं दारातच सांगितलं, "भक्ती रजेवर हाय." हे वाक्य स्वतःच्या तोंडानं म्हणताना तिलाही कसंतरी झालं.

शेवटी एका शनिवारी शिवकन्या वाडीला जायला येलदरीच्या बसपाशी उभी होती, तिथंच त्यानं तिला गाठलं.

"माझं काय चुकलं तेवढं सांगा."

"तुमचा वकील कोण, ते तुमी सांगा."

"वकील?"

"बालाजीनं लावलेला. मी पाह्यलंय तुमाला त्याच्यासंगं."

मल्हार तिच्याकडं बघतच राहिला. "त्याची म्हैस अडलती म्हणून गेलतो. वळखीचा झाला, म्हणून त्यालाबी शिवकन्या सिस्टरचं इचारलं. त्यो म्हणला, रागाच्या भरात बोललो व्हतो. परभणीच्या डॉक्टरांनी त्याला सांगितलं, त्या पोरीनं येळेवर इंजेक्शन दिलं म्हणून माय वाचली. वकीलबिकील कुणी न्हाई. त्याला तर त्यांच्यापुढं यायची लाज वाटायलीय."

शिवकन्या स्टँडच्या ओट्यावर बसली. एवढे महिने उरावर असलेलं ओझं असं दोन वाक्यांत उतरलं, आणि उतरल्यावर काय करायचं ते तिला सुचेना.

"मंग तुमी... कुणासाठी इचारत होतात?"

"माझ्यासाठीच. स्थळ आलतं त्यांचं."

पूर्वी मुलीची चौकशी पाणवठ्यावर व्हायची, पिठाच्या गिरणीवर व्हायची. परकं माणूस गावात आलं की मुलीला सुगावा लागायचा आणि ती दोन दिवस पदर सांभाळून चालायची. आता मुली नोकरी करतात, म्हणून चौकशीही नोकरीच्या जागी येते. कायद्याचं एवढं वाचलेल्या शिवकन्याला ती ओळखूच आली नव्हती. त्यात आधीची दोन स्थळं मोडली होती, म्हणून आबांनी या वेळी पक्कं झाल्याशिवाय पोरीला सांगायचं नाही आणि फोटोही द्यायचा नाही असं ठरवलं होतं.

"स्थळ आणणाऱ्या माझ्या आत्याला कुणीतरी मोबाईलचं सांगितलं, म्हणून मीच आलो बघायला," मल्हार म्हणाला. "बाई सोन्यासारखी हाय. कुणीबी हो म्हणंल. पण मी आज सकाळी आत्याला फोन करून नकार कळवला."

"का?"

"चौकशी एकीची करत गेलो... आन जीव दुसरीतच अडकला. मंग तिला हो कसं म्हणू? फसवणूक हाय ती." त्यानं हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं. "तुमाला काय वाटतं, भक्ती?"

ती हसू लागली आणि डोळ्यांत पाणीही आलं. गप्प राहावं, हा क्षण असाच ठेवावा, असं तिला फार वाटलं. पण सगळी माहिती न देता घेतलेला होकार हा होकारच नव्हे, हे ती गेले काही महिने डब्याला टेकवलेल्या मोबाईलसमोर शिकत होती.

"मी भक्ती न्हाई," ती म्हणाली. "भक्ती त्या दिवशी माझ्या मागं सलाईन घेऊन उभी होती."

मल्हारच्या तोंडावरचं हसू हळूहळू मावळलं. "म्हंजे इतके दिवस तुमी मला तपासत व्हतात?"

"तुमीबी मला तपासतच होतात की."

कंडक्टरनं घंटी मारली. "मी तर सकाळीच न्हाई म्हणून बसलो..." एवढंच त्याला बोलता आलं. ती चढली आणि बस सुटली.

वाडीवर निरोप तिच्या आधी पोचला होता. येडबा मेंढरांच्या वाड्याशी पाठ करून बसले होते. आई कासाबाई हळू आवाजात म्हणाली, "चुडाव्याचं स्थळ आलतं, तुला सांगितलं न्हवतं. न्हाई म्हणले."

"आता त्या गावाचं नाव या घरात काढायचं न्हाई," येडबा म्हणाले.

शिवकन्यानं त्यांच्यापुढं बसून सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. येडबांनी ऐकून घेतलं.

"म्हंजे त्यानं तुला नाकारलं, ते तुझ्याचपायी?"

"हो, आबा."

कासाबाईनं पदर तोंडाला लावला. येडबा हसले नाहीत. "दोघंबी खोटं बोललात. अशावर मी पोरगी द्यायची?"



सकाळी फटफटीचा आवाज आला. मल्हारच्या मागं त्याची आत्या पंचफुला बसली होती, केसांत धूळ, तोंडावर राग. "पोरगं म्हणतंय, आपला नकार चुकीच्या बाईला गेला," ती उतरताच म्हणाली. "मला तर काई उमगना. तुमाला उमगत असंल तर मला सांगा."

येडबांनी मल्हारला उभंच ठेवलं. "नाव?"

"मल्हार."

"खरं?"

"खरं."

"माझ्या पोरीला वळखता?"

मल्हारनं शिवकन्याकडं पाहिलं. "भक्ती म्हणून वळखत व्हतो. आता नव्यानं वळख करून घ्यावी लागंल."

येडबा काठी उचलून म्हणाले, "मंग घ्या करून. मी मेंढरं सोडतो." आणि परक्या पुरुषाजवळ पोरीला सोडून ते खरंच माळाकडं चालू लागले. पंचफुलाला कासाबाईनं आत चहाला नेलं.

"अजून काय लपवलंय?" शिवकन्यानं विचारलं.

"पोहता येत न्हाई. येलदरीच्या धरणाच्या पाण्याला भ्यायलोय मी. आन तुमी?"

"माझा अजून तुमच्यावर पुरा विश्वास न्हाई."

"बसंल तवा बसंल," मल्हार म्हणाला. "मी हाय की."

पुढच्या उन्हाळ्यात वाडीवरच लग्न झालं. गीताबाई लंगडत आली आणि पंगतीत शेवटपर्यंत बसली. बालाजी वाढत होता, पण शिवकन्यासमोर आला की मान खाली घालायचा. शिवकन्या परीक्षा पास झाली. आता सूर्यभान डॉक्टरांकडं नवी नर्स आली की केसपेपर कसा लिहायचा ते तीच शिकवते. भक्तीचं सासर नांदेडला. आपल्या नावावर दुसरीचं लग्न जमलं, हे ती तिथं सगळ्यांना सांगते. पंचफुलाआत्या आता स्थळं जमवत नाही. येडबा अजून मेंढरं राखतात, आणि त्यांच्या औषधपाण्याला जावयाशिवाय दुसऱ्या कुणाला बोलावत नाहीत. शिवकन्याचा विश्वास नेमका कधी बसला, हे तिनं मल्हारला कधी सांगितलं नाही. त्यानंही विचारलं नाही.