बरे झाल्याचा दाखला

संदर्भ : ऑक्सिजन यंत्र क्रमांक १७.
विषय : कुबात, वय ४६, यांनी बरे झाल्याचा दाखला मिळण्याबाबत केलेला तोंडी अर्ज.

वरील विषयी पुढीलप्रमाणे निवेदन करतो. अडतीस वर्षे नारीन शहराच्या जमीन दफ्तरात कारकुनी केल्यावर माणसाला कोणतीही गोष्ट अशीच सुरू करता येते. बायको होती तेव्हा मी भांडणसुद्धा मुद्देवार करत असे.

साथीच्या त्या जुलैत आमच्या शहरात माणसे इतक्या वेगाने मरत होती की कबर खणणारा मिळवायलाही वशिला लावावा लागे. शिवणकामाच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात काही तरुण मंडळींनी मदतीसाठी संस्था उघडली होती. औषधाच्या दुकानात काम करणारी आयजार्किन तिची प्रमुख. मी गेलो, तेव्हा तिने माझ्या पांढऱ्या दाढीकडे पाहिले.

"आके, तुम्ही घरी बसलात तर तीच मोठी मदत." वडीलधाऱ्या पुरुषाला आमच्यात आके म्हणतात, वडीलधाऱ्या बाईला आपा.

"घरी मला ओरडायलाही कोणी नाही. नोंदी ठेवता येतात."

टेबलावर पाकिटांच्या मागे, पावाच्या कागदावर, एकीच्या तर तळहातावर पत्ते लिहिलेले होते. आयजार्किनने खुर्ची पुढे केली. अशा रीतीने मी पुन्हा कामावर रुजू झालो.

संस्थेकडे ऑक्सिजनची बावीस यंत्रे होती आणि ती लोकांच्या घरी पोचवलेली होती. रोज सकाळी दहाला मी प्रत्येक घरी फोन करायचा. बोटाला लावायचे उपकरण किती आकडा दाखवते ते विचारायचे आणि यंत्र अजून लागते का ते विचारायचे. नको असेल तर गाडीवाला एर्मेक ते आणायचा आणि यादीतल्या पुढच्या माणसाला द्यायचा. रांग कोणासाठीही मोडायची नाही, हा नियम मीच लिहिला आणि खाली सहीही केली. चौथ्या दिवशी माझी धाकटी बहीण शारीपा त्या यादीत आली. आठव्या दिवशी ती पहिल्या क्रमांकावर होती आणि तिचा आकडा ब्याऐंशीवर. त्या आठवड्यात एकही यंत्र परत आले नाही.

सतरा क्रमांकाचे यंत्र नदीपलीकडच्या एका गावात होते. घरात कुबात आणि त्याची म्हातारी आई, बुरुल आपा. फोन तोच उचलायचा. तोंड लोकरीत दाबून बोलावे तसा आवाज.

"किती?"

"अठ्ठ्याऐंशी."

"यंत्र लागतं अजून?"

"आई बंद करत नाही..."

रोज तेच. मी लिहून घेत होतो. नवव्या दिवशी आरोग्य खात्याकडून मृतांची यादी आली, सरकारी चालीने, म्हणजे अकरा दिवस उशिरा. तिच्यात कुबातचे नाव होते. इस्पितळात मृत्यू, दफन त्याच दिवशी.

मला भीती वाटली नाही. राग आला. कोणीतरी नातेवाईक मेलेल्याच्या नावावर यंत्र दाबून बसला होता, आणि इकडे शारीपा उशी उराशी धरून श्वास मोजत होती. मी एर्मेकला गाडी काढायला सांगितले.

ऊन रणरणत होते. गावाच्या अलीकडे नाका होता. दोन ड्रम, आडवी लाकडी पट्टी आणि दुसऱ्या गावचा एक पहारेकरी. आजारपणातून उठून येणाऱ्याला आमच्या संस्थेने दिलेला बरे झाल्याचा दाखला दाखवल्याशिवाय आत सोडत नसत. आमचे नाव लिहिताना त्याने विचारले, "खोकला?"

"फक्त बायकोसमोर येतो," एर्मेक म्हणाला. पट्टी वर झाली.

कुबातच्या दाराशी शेजारीण जिपाराने आम्हाला अडवले. "आके, आत काही बोलू नका हं. आपाला अजून कोणी सांगितलेलं नाही."

आमच्यात मृत्यूची बातमी तोंडावर फेकत नाहीत. गावातला जाणता माणूस दोघांना घेऊन येतो, बसतो, सुकलेल्या झऱ्यापासून, उडून गेलेल्या ससाण्यापासून सुरुवात करतो आणि हळूहळू त्या नावापाशी पोचतो. तोवर कोणी चकार शब्द काढत नाही. या गावातला जाणता माणूस स्वतःच आजारी पडून आठ दिवसांपूर्वी गेला होता. दुसरा अंथरुणावर होता. म्हणून सगळे गाव गप्प राहून वाट पाहत होते.

"मग फोन कोण उचलतं?" मी विचारले.

"कुठला फोन? त्याचा फोन इस्पितळात गेला होता त्याच्याबरोबर. त्यांनी सामान माझ्याकडे पाठवलंय." तिने कोठारातून पिशवी आणली. पिवळी, तोंड चिकटवलेले, वर शिक्का. मी प्लास्टिकमधून पाहिले. चष्मा, कंगवा आणि काच तडकलेला एक फोन, बंद. शिक्का अकरा दिवसांपूर्वीचा होता.

एर्मेकने ती तारीख बोटांवर मोजून पाहिली.

आत शिरलो. खिडक्यांवर जाड घोंगड्या टांगल्या होत्या; भर दुपारी खोलीत विहिरीच्या तळासारखा अंधार. औषधाचा, घामाचा, दमट लोकरीचा वास. यंत्र घरघरत होते. त्याची नळी रजईखाली गेली होती. बुरुल आपा उशाशी बसून वारा घालत होती.

"हळू... आत्ताच डोळा लागलाय."

रजई पलंगावर सपाट पडली होती. सपाटच होती, हे मी इथे स्पष्ट नमूद करतो.

त्या घरात पुरुषांत वडीलधारा मीच होतो. झऱ्यापासून सुरुवात करणे माझे काम होते. त्याला तास लागला असता, मग आक्रोश, बायका जमणार, आणि शोकाच्या घरातून कोणी वस्तू उचलून नेत नाही. शारीपाला काल ब्याऐंशी होते. आज सकाळी ऐंशी. मी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणालो, "आपा, आनंदाची बातमी आहे. कुबात बरा झाला. त्याला याची गरज नाही आता."

म्हातारीने माझा हात दोन्ही हातांत घेऊन कपाळाला लावला. मग ती उशीकडे वाकली.

"ऐकलंस का रे? आके स्वतः सांगायला आलेत. बरा झालास तू."

मी बटण दाबले. घरघर थांबली. यंत्र थांबल्यावरही श्वास काही वेळ ऐकू येत राहिला. तो आपाचा असावा, असे मी एर्मेकला परतताना दोनदा सांगितले.

यंत्र लावल्यावर शारीपा त्या रात्री झोपली. तिसऱ्या दिवशी ती एक्याण्णववर आली आणि सूप अळणी आहे म्हणून माझ्यावर खेकसली. यासाठी मी जे केले ते पुन्हा करीन की नाही, हा प्रश्न कृपया मला विचारू नये.

यंत्र आणले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी दहाला मी सतरा क्रमांक सोडून अठराला लावणार, तोच फोन वाजला.

"अठ्ठ्याण्णव," तो म्हणाला. आवाज स्वच्छ होता. "आके, तुम्ही म्हणालात मी बरा झालो."

मी यादीत सतरा क्रमांकावर बोट ठेवले.

"नाक्यावर सोडत नाहीत. दाखला मागतात. तेवढा देता का?"

मी अडतीस वर्षांच्या सवयीने म्हणालो, "अर्जाचा विचार होईल."

"बरं... थांबतो."

मी एर्मेकला घेऊन नाक्यावर गेलो. पहारेकऱ्याची वही मागितली. त्याच्याच अक्षरात, त्याच सकाळी दोनदा : कुबात, दाखला नाही, परत पाठवला.

"हा दिसायला कसा होता?"

पहारेकऱ्याने डोके खाजवले. "लिहिलंय तर मीच. पण चेहरा... मास्क होता ना, आके. आजकाल कोणाला चेहरा असतो?" मग म्हणाला, "पायात काही नव्हतं. माती होती घोट्यापर्यंत."

आता चूक निस्तरायला हवी होती. शुक्रवारी मी दोन म्हातारे बरोबर घेतले आणि रीतसर बुरुल आपाकडे गेलो. खिडक्यांवरच्या घोंगड्या काढल्या होत्या. ती अंगणात बोरसोक, म्हणजे कणकेचे लहान तुकडे, तळत होती. तळणीचा वास आमच्यात मेलेल्यांसाठी दरवळू देतात, पण तिने ओट्यावर वाट्या मांडल्या होत्या, स्वतःसाठी एक आणि मुलासाठी एक.

मी बसलो. "आपा, डोंगरातला झरा कितीही भरला तरी एक दिवस..."

"आके," ती हसली, "ही बोलणी कशाची असतात ते मला कळतं. नवऱ्याच्या वेळी ऐकलीत. पण माझा मुलगा बरा आहे. तुम्हीच सांगितलंत. पांढऱ्या दाढीचा माणूस एका तोंडाने दोन गोष्टी सांगतो का?"

"मी तेव्हा खोटं बोललो, आपा. माझी बहीण..."

"खोटं?" तिने झारा खाली ठेवला. आवाज अगदी हळू झाला. "मग तो रोज नाक्यापलीकडून घराच्या पत्र्यावर खडा मारून, हाक देऊन मला का सांगतो, की फक्त कागद अडलाय?"

बरोबरचे दोघे म्हातारे उठून निघून गेले. ते तिथून किती वेगाने गेले, याची नोंद करण्याची आवश्यकता नाही.

आयजार्किनला मी सारे सांगितले. ती म्हणाली, "आके, तुम्ही दोन दिवस सुट्टी घ्या." मी घेतली नाही. दाखल्याचे कोरे कागद माझ्याच खणात आहेत. नाकारायला कारण लिहावे लागेल. आणि अर्जदार मृत आहे, हे खुद्द अर्जदाराला आजवर कोणीच कळवलेले नाही. मी फोनवर दोनदा झऱ्यापासून सुरुवात केली. दोन्ही वेळा तो नम्रपणे म्हणाला, "आके, आधी दाखल्याचं बघा."

आज जिल्ह्याचा आदेश आला. साथ ओसरल्यामुळे सर्व गावांवरचे नाके सोमवारी सकाळी उठवण्यात येत आहेत. त्यानंतर कोणालाही कोणताही दाखला दाखवावा लागणार नाही.

आज शनिवार आहे. अर्ज प्रलंबित आहे.