रिकाम्या खोलीतला एक

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, पण यात माझ्या पदरचा एक शब्दही नाही.

जून महिना, म्हणजे दक्षिण गोलार्धातल्या आमच्या डनीडन शहरात ऐन हिवाळा. शुक्रवारची दुपार. बाहेर ऊन होतं, पण वारा हाडं गोठवणारा. वर भरल्या ऑफिसात माणसं चहा पीत असताना हे घडलं.

आमची कंपनी मासळी आणि मांसाच्या कोल्ड स्टोरेजच्या दारांचं सॉफ्टवेअर बनवते. आत माणूस असेल तर दार लॉक व्हायला नको, दिवे जायला नकोत. हे तपासायला हजारो टेस्ट आपोआप चालतात. सगळं ठीक असेल तर हिरवी, चुकलं तर लाल.

त्यातल्या काही मात्र लहरी. प्रोग्रामला कुणी हातही लावलेला नसतो, तरी सकाळी हिरवी, दुपारी लाल. त्यांना वठणीवर आणणं हे माझं काम. बहुतेकींचं कारण सापडायचं. एखादी घाई करायची, एखादीला आधीच्या टेस्टने मागे टाकलेला कचरा नडायचा.

एकीचं मात्र सापडेना.

टेस्ट अगदी साधी. कॉम्प्युटरमधली एक खोटी खोली. आत कुणीच नाही. प्रोग्रामने मोजायचं आणि सांगायचं, शून्य.

ती मधूनच सांगायची... एक.

एकटी चालवून बघितली. मशीन बदललं. खोली पुसून नव्याने बनवली. काही दिवस सगळं शांत.

मग पुन्हा... एक.

"बर्ट आला बघ," माझी सहकारी मेले म्हणायची. मेले माझ्या शेजारी बसते. टोंगा बेटांवरची आहे, हसली की अख्ख्या मजल्याला कळतं. आतल्या त्या माणसाला तिनेच हे नाव ठेवलं होतं. "गारठला असेल रे बिचारा. कॅलम, त्याच्यासाठी एक स्वेटर तरी लिही प्रोग्राममध्ये."

त्या शुक्रवारी नवी आवृत्ती गिऱ्हाइकांकडे जायची होती. नेमकी तीच टेस्ट लाल.

"बंद कर ती," आमचा साहेब अँगस म्हणाला.

"कारण कळलेलं नाही अजून. मोजणीच चुकत असेल तर कुणीतरी आत अडकेल."

"जास्तच मोजते ना? रिकाम्या खोलीत माणूस दिसल्याने कोण मरतंय?"

"आज जास्त मोजते. उद्या कमी मोजेल."

"तू भुतांची काळजी कर बाबा. मला गिऱ्हाइकांची आहे." त्याने स्वतःच्या हाताने टेस्ट बंद केली.

मला चैन पडेना. आमच्या तळघरात प्रयोगासाठी एक खरी थंड खोली आहे. नवी आवृत्ती तिच्यावर आधीच चढवली होती. मोजणी नीट होते का, ते बघायला मी खाली गेलो.

आत पाऊल टाकलं. दार मागे सरकलं.

खट्...

लॉक.

दिवे गेले.

प्रोग्रामच्या हिशेबी मी आत नव्हतोच.

मदतीचं बटण दाबलं. काहीच नाही. आतून उघडायची दांडी फिरवली. ती फिरली, पण दार हललं नाही. खांदा लावून ढकललं. पलीकडून कुणी पाठ टेकून उभं असावं, तसं ते घट्ट होतं.

मोबाइलला रेंज नाही. भिंती पत्र्याच्या, मधे फोम भरलेल्या, हातभर जाड. ओरडलो, तर आवाज माझ्याच कानांवर आदळला.

मग गार हवा फेकणारा पंखा थांबला.

इतकी शांतता मी आयुष्यात ऐकली नव्हती. बोटं बधिर होऊ लागली होती. मोबाइलचा उजेड लावला. माझ्या श्वासाची वाफ त्यात तरंगत होती.

एक वाफ तोंडासमोर.

आणि एक... डावीकडे, रिकाम्या रॅकपाशी.

मी श्वास रोखला. माझी वाफ विरली.

तिकडची येत राहिली. सावकाश... एकामागून एक.

नंतर ती थोडी जवळ आली.

मी डोळे मिटले आणि दारावर मुठी आपटत सुटलो. किती वेळ, सांगता येणार नाही. मग दार अचानक उघडलं आणि मी मेलेच्या अंगावरच पडलो. तिने आपलं जाकीट माझ्याभोवती गुंडाळलं.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"ती टेस्ट चालली."

"अँगसने बंद केली होती ना?"

"बंदच होती. तरी चालली, आपोआप. लाल झाली. मला वाटलं, नेहमीसारखं एक." तिने माझ्या खांद्यावरून आत पाहिलं. "पण दोन आलं, कॅलम. दोन कधीच येत नाही. वळून बघितलं तर तुझी खुर्ची रिकामी. तशीच तळघराकडे धावले."

ती हसली नाही. बर्टचं नाव तिने त्यानंतर कधीच काढलं नाही.

अँगसने नवी आवृत्ती मागे घेतली. दार, वायरी, प्रोग्राम, सगळं तपासलं. दोष सापडला नाही. ती टेस्ट मी पुन्हा सुरू केली.

तेव्हापासून ती एकदाही लाल झालेली नाही. दर वेळी शून्य. अँगस म्हणतो, चला, सुटलो.

मला मात्र तो हिरवा रंग बघवत नाही. खोली रिकामी झाली, म्हणजे आत जे कोणी होतं ते बाहेर पडलं...

आणि ते दार त्या दिवशी मला बाहेर काढण्यासाठीच उघडलं होतं.