दुपारची कूस

आधीच सांगते, हे खरं घडलेलं आहे. माझ्याच घरात, माझ्या डोळ्यांदेखत. ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल सोडून द्यावं. मला कोणाला पटवायची हौस नाही.

आणि भूत म्हटलं की मध्यरात्र, कुत्र्यांचं रडणं, असलं काही माझ्याकडे नाही. जे झालं ते भर दुपारी झालं. तळमजल्यावरच्या आमच्या घरात, मागच्या खोलीत. बाहेर शेजारणीचे कपडे वाळत होते आणि पुढच्या खोलीत माझा नवरा टीव्ही बघत बसला होता.

मागच्या खोलीत माझ्या सासूबाई असतात. अर्धांगवायूने एक बाजू गेलेली. बोलतात नीट, पण स्वतःहून कूस बदलता येत नाही. दर दोन तासांनी कोणीतरी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. खाली हवेची गादी आहे. तिचा पंप दिवसभर घुर्र करत असतो.

हे सगळं माझी नणंद करायची. ताई म्हणायचे मी त्यांना. ताईंनी लग्न केलं नाही, म्हणजे कोणी करू दिलं नाही. वळवून वळवून त्यांचं मनगट कामातून गेलं होतं, चादर हातात धरवायची नाही. म्हणून आईंच्या अंगाखालच्या आडव्या चादरीच्या टोकाला त्या गाठ मारायच्या आणि ती मुठीत धरून ओढायच्या. ही पद्धत त्यांचीच.

एवढं करून सासूबाई आल्यागेल्याला काय सांगायच्या? "माझा मुलगा माझं सगळं बघतो."

ताई चहाचा ट्रे घेऊन बाजूलाच उभ्या असायच्या.

एका सकाळी ताई म्हणाल्या, छातीत दुखतंय. तरी आईंना पुसून काढलं, वळवलं, मग स्वयंपाकघरात जाऊन भिंतीला टेकून बसल्या.

त्या उठल्याच नाहीत.

आठवडा झाला नाही तोच सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. मी चष्म्याच्या दुकानात काम करायचे. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवून बघायची, एवढंच. मोठं काही नाही, पण ते माझं होतं. नवरा म्हणाला, "आता दुकान सोडलंस तर बरं."

"तुम्ही घरीच असता की," मी म्हटलं.

"माझी पाठ."

आईला वळवायची वेळ आली की ह्या माणसाची पाठ धरते. एरवी गॅसचा सिलेंडर एकटा उचलतो.

मी दुकान सोडलं नाही. सकाळपुरती एक मावशी ठेवली. ती जेवणाच्या वेळी जायची, मी संध्याकाळी यायचे. मधली दुपार नवऱ्यावर सोडली. जीव टांगणीला लागला होता, पण दुसरा इलाज नव्हता.

पहिल्याच संध्याकाळी घरी आले, तर...

आई व्यवस्थित कुशीवर. गुडघ्यांमध्ये उशी. पाठीला पावडर लावलेली.

मला भरूनच आलं. बहीण गेल्यावर का होईना, अक्कल आली म्हणायची. "छान केलंत हो," मी म्हटलं. टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला, "हं."

असे बरेच दिवस गेले. मग एकदा दुकानातली वीज गेली आणि मी दुपारीच परतले. दाराला कुलूप. हा आईला एकटं टाकून बाहेर गेलेला. माझं डोकं सणकलं. कुलूप काढून धावत मागच्या खोलीत गेले...

आई नीट वळवलेल्या होत्या.

चादरीच्या टोकाला गाठ होती. मी हात लावला. गाठ कोमट लागली.

नवरा आल्यावर मी विचारलं, "आईंना रोज कोण वळवतं?"

तो चपला काढत म्हणाला, "मी कधी म्हणालो मी वळवतो? तूच म्हणालीस."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"दारातून दिसतं. चादर आपोआप ताणली जाते."

"आणि भीती नाही वाटली?"

"ताईच तर आहे. होतंय ना काम?" मग म्हणाला, "दुपारची बाई शोधू नकोस आता. उगाच परकं माणूस घरात."

मला त्या क्षणी ताईंपेक्षा त्याचीच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी रजा काढून मी आईंच्या खोलीत बसले. दुपार झाली. बाहेर सगळं सामसूम.

पंपाची घुर्र... थांबली.

वीज होती. पंखा फिरत होता.

स्वयंपाकघराकडून सपाता वाजल्या. एक पाय ओढत, ताई चालायच्या तशा. आवाज माझ्या अगदी जवळून गेला आणि पलंगाशी थांबला. चादरीचं टोक उचललं गेलं. त्याला हळूहळू गाठ पडली. चादर ताणली... आणि आई वळायला लागल्या.

दिसत कोणीच नव्हतं. फक्त दबकं कण्हणं ऐकू आलं. मेल्यावरही बाईचं मनगट दुखतच होतं.

भीतीपेक्षा माझा संताप मोठा होता. मी विचारलं, "आई, कोण वळवतंय तुम्हाला?"

"माझा मुलगा."

"तो बाहेर टीव्ही बघतोय. ह्या ताई आहेत."

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "माहीत आहे मला. पोटच्या पोरीचे हात ओळखत नाही होय मी?"

"मग त्यांचं नाव का नाही घेत?"

"मुलाचं घेतलं की चारचौघांत बरं दिसतं. तिचं काय, ती करतेच."

चादर...

एकदम सैल पडली. आई अर्ध्या वळलेल्या, तशाच मागे कलंडल्या. पंप परत सुरू झाला. मी सपातांचा आवाज ऐकायला कान लावले, पण तो आलाच नाही.

त्यानंतर ताई कधी आल्या नाहीत. सुटल्या बिचाऱ्या. मला मनापासून बरं वाटलं.

नवरा मात्र माझ्यावरच उखडला. "सगळं नीट चाललं होतं. तुला कोणी सांगितलं होतं मध्ये बोलायला?"

दुपारची बाई त्याने ठेवू दिली नाही. पंधरवड्यात आईंच्या पाठीला जखम झाली. ती धुताना त्या ओरडायच्या, मला बघवेना. मी दुकान सोडलं. आता सगळं मीच करते, आणि सासूबाई लोकांना मुलाचं कौतुक सांगतात.

हे इथेच संपलं असतं तर मी लिहिलंही नसतं.

गेल्या आठवड्यात मला सणसणून ताप भरला. जेवणानंतर गोळी घेऊन पडले ती ग्लानीतच गेले. डोळे उघडले तेव्हा ऊन उतरलं होतं. आईंना वळवायचं राहिलं म्हणून धडपडत उठले, तर नवरा दारात उभा.

"पड की जरा. आत्ताच तर आईला वळवून आलीस."

"कोण, मी?"

"मग कोण? समोरून गेलीस. हाच गाऊन. हाक मारली तर बघितलंसुद्धा नाहीस."

भिंत धरून मी मागच्या खोलीत गेले. आई वळवलेल्या होत्या. पाठीमागे उशा मी लावते तशाच लावलेल्या.

मी अंथरुणातून उठले नव्हते. कोणाचीही शपथ घ्यायला लावा.

माणूस मेल्यावर मागे राहतो, हे मी पाहिलं होतं. पण मी तर अजून जिवंत आहे.

नवरा मागून आला, आईकडे बघितलं आणि खूश होऊन म्हणाला, "बघ, तापातसुद्धा जमतं तुला."