नखाने निघणारी चांदी

तो दुकानात शिरला आणि थेट तिच्या वायरवर उभा राहिला.

"मिस्त्री आहेत का?" त्याने रिकाम्या खुर्चीला विचारलं.

"तुमच्या पायाशी," टेबलाखालून आवाज आला. "पाय उचला, म्हणजे मिस्त्रीला उठता येईल."

तो मागे सरकला तो टेबलफॅनवरच आदळला. ती कानामागे चिमटा खोचून बाहेर आली. त्याची ती धांदल बघून हसू दाबायचं तिने ठरवलं होतं, पण जमलं नाही.

चौकातल्या सुट्या भागांच्या दुकानदाराचा हा भाचा. रोजचा माणूस तापाने पडला, म्हणून व्हॉल्व्हचा खोका घेऊन हा आला होता. जुने रेडिओ काचेच्या या व्हॉल्व्हवर चालतात आणि गावात ते दुरुस्त करणारं हे एकच दुकान उरलं होतं. चाळीस वर्षं तिथे तिचे बाबा बसले. नजर अधू झाल्यापासून हात तिचे चालायचे, पण लोक बोलायचे बाबांशीच. दुरुस्त केलेले तीन रेडिओ महिन्याभरात खरखरत परत आले, तेव्हा एका गिऱ्हाइकाने बाबांना तोंडावर विचारलं, "डोळे गेले, आता नियतही गेली का?" तेव्हापासून बाबा दुकानात फिरकले नव्हते. महिनाअखेर दुकान बंद, असं त्यांनी सांगून टाकलं होतं. तिच्या मस्तकात तेच जळत होतं.

तिने खोक्यातला एक व्हॉल्व्ह उचलून पुसला, आणि बोट थांबलं. त्याच्या काचेच्या डोक्यावरची चांदी नखाबरोबर निघून आली.

"ही काय, माहितीये?"

"चमक… छान दिसते," तो म्हणाला. तिच्याकडे बघत.

"इकडे बघा, व्हॉल्व्हकडे. याला गेटर म्हणतात. पंपाने कितीही हवा ओढली तरी काचेत थोडी राहतेच. ती उरलेली हवा ही चांदी गिळते, व्हॉल्व्ह जगेल तितके दिवस. गिळून गिळून विरते, तपकिरी पडते. मग व्हॉल्व्ह नुसता पेटतो, गात नाही. दाट चांदी म्हणजे व्हॉल्व्ह ताजा, एवढं बघूनच आम्ही घेतो."

"मग ही तर दाट आहे."

"गेटर काचेच्या आत असतो, साहेब. नखाला कसा लागला?"

त्याचा चेहरा उतरला. माहीत नव्हतं त्याला, ते दिसतच होतं. मामांना विचारून या, ती म्हणाली. उत्तर नाही मिळालं तरी या… फक्त वायर सोडून उभे राहा.

तो आला. दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी, रोज नवीन सबब घेऊन. चिमटा कसा धरायचा ते शिकला, तापल्या सोल्डरने बोट भाजून घेतलं, तिने फुंकर घातली तेव्हा दुसरंही भाजायला तयार झाला. चौथ्या दिवशी मात्र तो खाली मान घालून बसला. मामा मागच्या खोलीत संपलेल्या व्हॉल्व्हना रंग फासतो, त्याने डोळ्यांनी पाहिलं होतं.

"पण त्यानेच वाढवलंय मला—"

"मलाही बाबांनीच वाढवलंय," ती म्हणाली. "गप्प बसायचं असेल तर चहा प्या आणि निघा. परत येऊ नका."

तो चहा न पिताच गेला. ती पाठमोरी राहिली. रडली नाही. रडायला वेळ कुणाला होता?

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने बाबांचा हात धरला, वाटेत त्याच तोंडाळ गिऱ्हाइकाला त्याच्या घरून सोबत घेतलं आणि तिघं मामाच्या काउंटरपुढे उभी राहिली. संपलेले व्हॉल्व्ह रंगवून इथून विकले गेले आणि तेच त्या तीन रेडिओंत बसले, हे तिने सगळ्यांदेखत सांगितलं.

मामा हसला. "पोरी, बापाच्या नजरेचं खापर माझ्या डोक्यावर फोडू नकोस."

दुकानातले चार जण हसलेही. तेवढ्यात आतून भाचा आला. अख्खा खोका त्याने काउंटरवर उलटला, एकेक व्हॉल्व्ह उचलून नखाने खरवडला. काउंटरवरच्या पांढऱ्या कागदावर चांदीचा चुरा पडत राहिला आणि हसणारे एकेक करून गप्प झाले.

"घरात पाय ठेवायचा नाही," मामा म्हणाला.

"नाही ठेवणार. पण मिस्त्रींची माफी मागा. दोघांचीही."

मामाने मागितली नाही. पण ते गिऱ्हाईक पुढे झालं, बाबांचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

परतताना भाचा तिची पिशवी घेऊन तिच्या मागे चालत होता.

"मदतनीस लागतो का तुम्हाला?"

"नाही लागत."

"मग… दुसरं कुणी?"

ती भर रस्त्यात वळली. "स्पष्ट बोला. लोक बघताहेत म्हणून अडू नका, त्यांना बघू दे."

"तुम्ही मला आवडता. वरून फासलेलं नाही हे… खरवडून बघा."

तिने त्याचा हात ओढला आणि चांगलं करकचून नख ओढलं. तो कळवळला, पण हात त्याने काढून घेतला नाही. मग तिनेही सोडला नाही.

"माझी नजर अधू आहे, ते बरंय," बाबा पुढे बघत म्हणाले.

"कान शाबूत आहेत ना? मग ऐका," ती म्हणाली. "दुकान बंद होणार नाही. उद्या नऊला उघडायचंय. तिघांनी."