चौदा सामन्यांचा गुडघा

गुडघ्याला जोखपट्टी बांधणं कोल्हापुरात आता नाडी बघण्याइतकं साधं झालं होतं. बोटभर रुंदीची ती पट्टी स्नायूंचा ताण आणि सांध्याची झीज तपासायची आणि सांगायची, या गुडघ्यात अजून किती सामने उरलेत. गंगावेशीत कुणी ती म्हशीला बांधली, तर म्हणे चारशे सामने निघाले. दोन संघांची माणसं बोलणी करायलाही येऊन गेली.

हसण्यावारी न्यायचं ते तिथवरच. फुटबॉल लीगनं दरवर्षीच्या मोजणीत येणाऱ्या या आकड्यावरच खेळाडूंचे पगार बांधले होते आणि प्रत्येक संघाच्या एकूण पगाराला मर्यादा घातली होती. त्या मर्यादेत कोल्हापूरचा संघ बसवायचं काम वस्ताद मंडलिकांचं. तालमीत शड्डू ठोकलेला माणूस आता दिवसभर अदलाबदलीचे फोन करायचा.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी दोन बचावपटू गोव्याला देऊन नव्या खेळाडूंच्या निवडफेरीतली पहिल्या निवडीचा हक्क मिळवला. मणिपूरचा एक आघाडीवीर त्यांच्या मनात भरला होता, पण तो घेतला की मर्यादा ओलांडत होती. संघातला पेठेचा लाडका खेळाडू इंद्रजित चौगुले, त्याचा गुडघा ऐंशी सामने दाखवत होता, पगारही तसाच. आणि इंद्रजितला सोडलं असतं, तर पेठेनं वस्तादांना रस्त्यानं धड चालू दिलं नसतं.

मोजणीच्या दिवशी पहाटे ते त्याला पंचगंगेच्या घाटावर घेऊन गेले. “तासभर कमरेइतक्या पाण्यात उभा राहा. तालमीची जुनी रीत आहे.”

अशी रीत कुठल्याच तालमीत नव्हती. थंडी मात्र खरी होती. ओल्या अंगानंच तो मोजणीला बसला आणि गारठलेल्या गुडघ्यानं आकडा दिला : चौदा.

पगार निम्म्याच्या खाली आला, मणिपूरचा आघाडीवीर संघात आला. इंद्रजित एवढंच म्हणाला, “चौदा तर चौदा, वस्ताद. तुमच्याच हाताखाली संपवू.”

आणि तो मोजायला लागला. सरावात धावेना, उडी मारेना, नुसता उभा राहिला तरी भार दुसऱ्या पायावर टाकायचा. न जाणो, एखादा सामना फुकट खर्ची पडायचा! संघ जिंकत गेला. प्रत्येक विजयाचा पेढा वस्ताद न खाताच पुढं सरकवू लागले.

तेरावा सामना झाल्यावर त्यांच्यानं राहवेना. भर दुपारी मैदानाच्या कट्ट्यावर त्यांनी त्याला बसवलं. “इंद्रा, तुझा गुडघा धड आहे. मोजणीच्या आदल्या दिवशी मीच बघितलेला, ऐंशी होता. त्या पाण्यानं आकडा पाडला. मी लबाडी केली.”

इंद्रजित हसला. “माझं मन राखायला किती खोटं बोलशिला, वस्ताद? उद्या म्हणाल, म्हशीचा आकडा पण खराच हुता.”

“मारुतीची शपथ.”

“शपथ ऱ्हाऊ द्या. मला फसवून तुमास्नी काय मिळणार हुतं?”

समोर मणिपूरचा आघाडीवीर जाळ्यात चेंडूवर चेंडू मारत होता.

त्यांनी स्वतः तेल लावून गुडघा चोळला, ऊन दिलं, पट्टी बांधली. आकडा आला : एक.

“बघा,” इंद्रजितच त्यांची समजूत घालू लागला, “पट्टी खोटं बोलत न्हाई.”

वस्तादांची नजर त्याच्या मांडीवर गेली. वर्षभर जपून ठेवलेली ती मांडी दुसरीपेक्षा चांगली दोन बोटं वाळली होती.

संध्याकाळी उद्याच्या सामन्याची यादी लिहिताना दहा नावांनंतर त्यांचा हात थांबला. उरलेला एक सामना उद्या खर्चायचा, की त्याला सामन्याबाहेर बसवून, सरावात पुन्हा पळवून, आकडा वाढायची वाट बघायची?

आणि तो वाढेल, हे इंद्रजितला आता पटवायचं कुणी? वस्तादांनी?