रेघ नसलेली बरणी

काळदऱ्याच्या पठारावर पडलेल्या विमानाचं कोडं ऐकायला साधं होतं, पण सुटत काही नव्हतं. टाकीत पेट्रोल होतं. इंजिन जमिनीवर सहा मिनिटं छान घुमलं होतं. वाराही पडलेला. तरी धावपट्टी सोडून विमानानं नाक वर केलं मात्र, इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं. विमान समोरच्या नाचणीच्या शेतात जाऊन आपटलं.

त्याला आज अकरा दिवस झाले होते. विमान चालवणारी कौसाआत्या जिल्ह्याच्या दवाखान्यात पडून होती. तिचा उजवा पाय गुडघ्याखालून काढावा लागला होता.

ही गोष्ट २०६१ सालची. तेव्हाही पावसाळ्यात काळदऱ्याचा घाट दरड कोसळून बंदच पडायचा, बघा. औषधं वर यायची आणि दुखणेकरी खाली जायचे ते त्या एका चिमुकल्या विमानातून. आता ते विमान शेडमध्ये ताडपत्रीखाली मोडून पडलं होतं, आणि त्याच्या चाकाशी अकरा वर्षांची सगुणा, कौसाआत्याची भाची, गुडघ्यात मान घालून बसली होती. बाहेर धुकं इतकं, की शेडचं दारसुद्धा पुसट दिसत होतं.

दुपारी चार वाजता चौकशीच्या बाई घाट पायी चढून येणार होत्या, चौकशी बंद करायला. टाकी फुटून सगळं मातीत जिरलेलं, पुरावा काही उरलेला नाही. मग कागदावर एकच ओळ जायची होती : वैमानिकानं इंजिनाकडं जाणारी पेट्रोलची तोटी चुकून बंद केली. म्हणजे आत्याचा परवाना कायमचा गेला. आणि अशा पठाराला दुसरं विमान कोण देणार?

"काय गं, पोतं टाकल्यागत बसलीयास?" हिंदुरावआजोबा आत आले. ट्रॅक्टर दुरुस्त करता करता विमानाचे मेकॅनिक झालेले म्हातारे. त्यांच्या मागून सहा पायांवर टकटक करत आला मुंगळा. मुंगळा म्हणजे शेडमधला यंत्रमानव. कंपनीनं त्याला काहीतरी आकड्यांचं नाव दिलं होतं, पण ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

सगुणानं मान वर केली. अकरा दिवस कुणालाच न सांगितलेलं एकदाचं बाहेर आलं.

"आजोबा, त्या दिवशी बरणी आत्यानं नाही बघितली. मी बघितली."

आता ही बरणी काय, ते सांगतो. उडायच्या आधी टाकीच्या बुडाशी असलेल्या छोट्या तोटीतून थोडं पेट्रोल काचेच्या बरणीत काढायचं, ही विमानवाल्यांची जुनी रीत. टाकीत कुठून तरी पाणी शिरतं. पाणी पेट्रोलहून जड, शिवाय दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. म्हणून बरणीत पाणी खाली बसतं, पेट्रोल वर तरंगतं आणि मधे लख्ख रेघ दिसते. रेघ दिसली, की ती जाईपर्यंत तोटीतून काढत राहायचं. पूर्वी विमानाच्या पेट्रोलात रंग घालायचे. आताचं शेवाळापासून केलेलं पेट्रोल मात्र बिनरंगाचं होतं.

बरणी वैमानिकानंच बघायची, असा नियम. पण त्या दिवशी पलीकडच्या वाडीत एका बाईला साप चावला होता, तिला आणायला उडायचं होतं. आत्या रेडिओवर डॉक्टरांशी बोलत होती. तिनं खुणेनंच बरणी सगुणाकडं दिली. सगुणानं उजेडात धरली आणि म्हणाली, "आत्या, रेघ नाही." मुंगळ्यानंही बरणी घेऊन बघितली आणि सांगितलं, "रेघ आढळली नाही."

"आणि आत्या चौकशीवाल्यांना सांगतेय, बरणी मीच बघितली म्हणून. माझ्यासाठी खोटं बोलतेय ती!" सगुणाचा आवाज फुटला. "पण आजोबा, शपथ सांगते, रेघ नव्हती."

हिंदुरावांनी खिशातून चिंधी काढली. चिंधीला हात पुसत राहिले, पुसून झाले तरी पुसत राहिले. मग मुंगळ्याकडं वळून म्हणाले, "काय रं, इमान आठ दिस पावसात बाहीर हुभं व्हतं. हुभं केलं तवा टाकीत मापाची काठी किती भिजली व्हती?"

शेडमध्ये तेव्हा दरडीखाली घरं गेलेली माणसं राहत होती, म्हणून विमान बाहेर काढलं होतं.

"एकशे दहा मिलिमीटर," मुंगळा म्हणाला.

"आन् उडायच्या दिशी?"

"एकशे अठरा."

"हुभ्या इमानात प्येट्रोल वाढतं व्हय रं, शान्या?"

"वाढीचं कारण मला विचारण्यात आलं नव्हतं."

सगुणा ताडकन उठली. "म्हणजे पावसाचं पाणी आत गेलं! पण मग रेघ दिसायला हवी होती ना?"

"बरणी आण," हिंदुराव म्हणाले.

त्यांनी बरणीत पेट्रोल घेतलं आणि सगुणाच्या हातात पाण्याचा तांब्या दिला. "वत. हळू."

पाण्याची धार पेट्रोल चिरत तळाला गेली. रेघ उमटली.

"आजून वत."

पाणी वाढलं, तशी रेघ वर सरकली. वरचं पेट्रोल काठावरून खालच्या परातीत सांडायला लागलं. सगुणा ओतत राहिली. रेघ अर्ध्यावर आली, मग गळ्याशी, मग काठाला टेकली आणि दिसेनाशी झाली.

"कुठं गेली रेघ?"

"बाहेर," सगुणा पुटपुटली. तिनं बरणी उजेडात धरली. स्वच्छ, नितळ. अगदी त्या दिवशीसारखी. तिनं बरणी हळूच खाली ठेवली. "आजोबा, बरणीत नुसतं पेट्रोल असलं तरी रेघ नसते. आणि नुसतं पाणी असलं, तरीही नसते. मी पाणीच बघत होते. सगळी बरणी पाण्याची होती."

"आसंल. पर आसंल म्हणून भागत न्हाई. चौकशीची बाई पुरावा मागंल."

सगुणा विचार करायला लागली. चित्र चालणार नव्हतं, चित्रात दोन्ही सारखीच दिसणार. वास? मुंगळ्याला नाक नाही, आणि तिचं स्वतःचं नाक त्या दिवशी सर्दीनं बंद होतं. मग तिची नजर मुंगळ्याच्या चिमट्यासारख्या हातावर गेली. काच फुटू नये म्हणून तो हात प्रत्येक वस्तूचं वजन जोखायचा.

"मुंगळ्या, त्या दिवशी तू बरणी हातात घेतलीस. किती वजन होतं?"

"बरणीसकट एकशे ऐंशी ग्रॅम. रिकामी बरणी ऐंशी ग्रॅम."

म्हणजे आतला द्रव शंभर ग्रॅम. बरणी शंभर मिलिलिटरची, आणि त्या दिवशी काठोकाठ भरलेली. प्रत्येक पदार्थाची घनता (ठरावीक जागेत किती वजन मावतं ते माप) वेगळी असते. शंभर मिलिलिटर पाणी भरतं शंभर ग्रॅम, आणि तेवढंच पेट्रोल भरतं फक्त बहात्तर.

"अरे, मग बोलला का नाहीस?" सगुणा ओरडली.

"मला रेघ विचारली होती," मुंगळा म्हणाला. थोडं थांबून त्यानं स्वतःहून आणखी एक वाक्य म्हटलं, आणि हे त्यानं आजवर कधी केलं नव्हतं. "मी वजनही सांगायला हवं होतं."

राहिलं एकच. इंजिन जमिनीवर सहा मिनिटं चाललं कसं? हिंदुरावांनी एक चपटी बाटली आडवी धरली. आत वर पेट्रोल, खाली पाणी. "ही टाकी समज. इंजिनाकडं जानारी नळी मागल्या अंगाला, बुडापास्नं दोन बोटं वर. जिमिनीवर इमान सपाट, पानी नळीच्या खालीच पडून ऱ्हायलं. इंजिन वरचं प्येट्रोल पीत बसलं. आता नाक वर कर."

सगुणानं बाटली तिरपी केली. सगळं पाणी घरंगळत मागं गेलं आणि नळीच्या जागेवर चढून बसलं.

कार्ब्युरेटरमध्ये (हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या भांड्यात) उरलेल्या घोटावर इंजिन दोनदा खोकलं असणार. मग त्याला पाणीच मिळालं, आणि पाणी काही जळत नाही.

कोडं सुटलं. पण सगुणाला हलकं वाटलं नाही. कोडं सुटलं, म्हणजे तिनं पाणी बघून पेट्रोल म्हटलं होतं, हे पक्कं झालं.

"पानी शिरलं कुठनं, इचारलं न्हाईस तू," हिंदुराव जमिनीकडं बघत म्हणाले. "टाकीच्या झाकनाचं रबर चिरलं व्हतं. मला म्हाईत व्हतं. फुडल्या खेपंला बदलू म्हनलं." त्यांनी हातातली चिंधी बाजूला ठेवली. "अकरा दिस मीबी गपच हाय, पोरी."

सगुणा त्यांच्या शेजारी जाऊन बसली. दोघंही चार वाजायची वाट बघत राहिले.

चौकशीच्या बाई आल्या, तेव्हा सगुणानं सगळं पहिल्यापासून सांगितलं. बरणी कुणी बघितली, तेही. हिंदुरावांनी रबराचं सांगितलं. बाईंनी बरणीत पाणी ओतून रेघ बाहेर जाताना स्वतः बघितली, मुंगळ्याला बरणीचं वजन दोनदा विचारलं आणि तोटीची ओळ खोडली.

"बरणी दुसऱ्याच्या हातात देणं ही तुझ्या आत्याची चूकच, तीही लिहिणार मी," त्या म्हणाल्या. "परवाना कायमचा जाणार नाही, पण वर्षभर मिळणार नाही. आणि एक सांग. रेघेवर भरवसा ठेवायचा नाही, तर बघायचं कसं?"

सगुणानं बरणीकडं बघितलं. "एक थेंब पाणी टाकायचं. आत पेट्रोल असलं, तर थेंब मण्यासारखा तळाला जाऊन बसेल. आत पाणी असलं, तर थेंब त्यात हरवेल. थेंब हरवला, की विमान थांबवायचं."

बाईंनी तेही लिहून घेतलं.

संध्याकाळी दवाखान्यात फोन लावला. सगुणा रडत रडत सगळं बोलली. पलीकडं आत्यानं सगळं ऐकून घेतलं.

"ज्या बाईला साप चावला होता, ती जगली का गं?" तिनं विचारलं.

"तिला डोलीतून घाट उतरवून नेलं. जगली."

"बरं," आत्या म्हणाली. "सगुणे, तुला रेघच बघायला शिकवलं होतं मी. मलाही तेवढंच ठाऊक होतं. तुझ्या जागी मी असते, तर मीही 'रेघ नाही' म्हणाले असते आणि उडाले असते. आता रड हवं तेवढं, मग जेव."

कार्तिकात दुसरं विमान आलं, नव्या रबराच्या झाकणाचं. चालवायला खालून एक तरुण वैमानिक आला होता. आत्या कुबडीवर टेकून धावपट्टीच्या कडेला उभी राहिली. वैमानिकानं स्वतः बरणी भरली, सगुणानं ड्रॉपरनं एक थेंब सोडला. थेंब हळूहळू खाली गेला आणि तळाला मण्यासारखा बसला.

"बरणी सोडून बहात्तर ग्रॅम," मुंगळा म्हणाला. कुणी विचारलं नव्हतं.

तरी आत्यानं बरणी मागून घेतली आणि उन्हात धरून बराच वेळ बघितली.

"जा रे," ती म्हणाली.

विमान धावलं, नाक वर झालं. कुणी श्वास घेत नव्हतं. खाली कापणी झालेलं नाचणीचं शेत होतं, मधे एक काळी खोक तशीच राहिलेली. इंजिनाचा आवाज त्या खोकेवरून गेला, शेतापलीकडं गेला, दरीवर गेला, आणि घुमतच राहिला.

आत्यानं कुबडी दुसऱ्या हातात घेतली. "पुढच्या वर्षी," ती एवढंच म्हणाली, आणि रिकामी बरणी पुसायला लागली.