चढावरचा हात

शर्यतीच्या आदल्या दिवशी किशोरीने कट्टा गावच्या बाजारात विड्यांचं बंडल मागितलं, तेव्हा दुकानदाराने तिच्याकडे वर मान करून पाहिलंही नाही. विड्या गाव राखणाऱ्या देवाला, राखणदाराला वाहायच्या, हे इकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. माणूस नोकरीला निघो नाहीतर म्हैस विकायला, सातविणीच्या झाडाखालच्या राखणदाराला सांगितल्याशिवाय तो गावाची वेस ओलांडत नाही. राखणदार कांबळं पांघरून, घुंगुरकाठी वाजवत फिरतो म्हणतात. दिसत कुणाला नाही. विडीचा वास तेवढा येतो.

शर्यत सायकलींची, हौशी लोकांची, तीन दिवसांची. पहिल्या दिवशी विजयदुर्गाहून मालवण, मग सावंतवाडी, आणि शेवटी आंबोलीचा घाट. किशोरी आणि तिचा चुलतभाऊ दत्तप्रसाद जोडीच्या गटात उतरले होते. किशोरीचं शिवणकामाचं दुकान, तेव्हा दोघांच्या पिवळ्या जर्सी तिनेच शिवल्या. वर्षभर दोघांनी मिळून सराव केला होता. चढावर ती दमली की दत्तू बाजूला यायचा, तिच्या पाठीवर तळवा टेकवायचा आणि हसत ढकलायचा. त्या हाताच्या भरवशावरच ती घाटाला तयार झाली होती.

संध्याकाळी गावाचे मानकरी, गावकर भिकाजीकाकांनी झाडाखाली नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं, म्हणजे गावाच्या वतीने देवापुढे मागणं मांडलं.

"बा राखणदारा, महाराजा! ही तुझी दोन पोरां शर्यतीक जातत. दोघां मिळान गेली, दोघां मिळान परत येवंदेत. आणि एकान दुसऱ्याक वाटेर टाकल्यान, तर तेका तूच धरून परत गावात हाड रे महाराजा!"

"व्हय महाराजा!" जमलेले सगळे म्हणाले. सगळ्यांत मोठा आवाज दत्तूचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विजयदुर्गला, किल्ल्यासमोर, तोच दत्तू निळी जर्सी घालून कोल्हापूरच्या समर्थशेजारी उभा होता. समर्थचा जोडीदार आजारी पडला होता आणि समर्थ गेल्या वर्षीचा विजेता. किशोरी जवळ गेली तर दत्तू सायकलची चेन तपासायला खाली वाकला.

"रागाव नको गो," तो चेनलाच म्हणाला. "असो चान्स परत गावाचो नाय."

परक्याने फसवलं तर माणूस चार शिव्या घालून मोकळा होतो, पण घरच्याने केसाने गळा कापला की शिवीसुद्धा सुचत नाही. आयोजकांनी तिचं नाव एकट्यांच्या गटात टाकलं. ती पिवळी जर्सी घालून एकटीच निघाली, आणि मालवणपर्यंत एका चढावरही तिने मागे वळून पाहिलं नाही.

जोडी मोडल्याचं गावात कळलं, तसा रात्री काकांचा फोन आला. "अगो, गाऱ्हाणा परत घेवक होया. तू हो म्हण, मी आत्ता जावन नारळ ठेवतंय."

"ज्याने मोडल्यान तेका सांगा," ती म्हणाली आणि फोन ठेवून दिला.

तिसऱ्या दिवशी घाटात धुकं होतं. पुढच्या सायकलस्वाराचं चाकही दिसू नये इतकं दाट. दरीकडून पाण्याचा आवाज येत होता, पण पाणी कुठेच दिसत नव्हतं. किशोरीच्या मांड्या भरून आल्या होत्या. इथेच उतरावं, सायकल ढकलत न्यावी, असं मनात आलं, आणि त्याच वेळी तिच्या पाठीवर तळवा टेकला.

तीच जुनी, कमरेच्या जरा वरची जागा. सायकल हलकी झाली. किशोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आलास शेवटी!

"आता इलंस?" ती वळून न बघता म्हणाली. "दोन दिवस खंय होतंस?"

हात ढकलत राहिला. वळणामागून वळण सरलं. मग तिला वास आला... ओल्या कांबळ्याचा, आणि विडीचा. दत्तू विडी ओढत नव्हता.

समोरच्या धुक्यात दोन सायकली दिसू लागल्या. दोन निळ्या जर्सी. एक समर्थ, आणि दुसरा, दम लागून डुलणारा, दत्तू. किशोरी त्याच्या बरोबरीला आली. हात अजून तिच्या पाठीवर होता.

दत्तूने मान वळवली. त्याचं तोंड उघडंच राहिलं.

"किशोरी... तुझ्या पाठसून... कोण आसा?"

पाठीवरचा हात उचलला गेला. किशोरीने जीव खाऊन पेडल मारले आणि आंबोली येईपर्यंत थांबली नाही.

समर्थ बऱ्याच वेळाने आला. एकटाच. "तो मागं वळला," तो म्हणाला. "मी हाका मारल्या. त्यानं दोन्ही ब्रेक दाबून धरले होते. चाकं फिरत नव्हती, मी बघितलं ना... तरी सायकल खाली जात होती."

तेवढ्यात काकांचा फोन. दत्तू गावात, सातविणीखाली बसलेला आहे. आंबोलीहून गाडीनेसुद्धा कोणी एवढ्यात पोचलं नसतं. "ये गो बेगीन," काका म्हणाले. "तेका उठाक येना नाय."

एका टेम्पोत सायकल टाकून किशोरी गावात आली, तेव्हा उन्हं कलली होती. दत्तू झाडाखाली पुढे वाकून बसला होता, त्याची सायकल बाजूला आडवी पडली होती. तिने त्याची पाठ पाहिली. शिवणाऱ्या बाईला कापड कळतं. निळी जर्सी एका जागी आत दबली होती, चार जाड बोटं आणि एक अंगठा, आणि भोवती चुण्या पडल्या होत्या.

"सोडूक राखणदाराक तुझो शबूद होयो," काका हळूच म्हणाले. "वाटेर टाकल्यान ता तुकाच."

"सांग गो," दत्तू रडत होता. "चुकलंय मी. तुझ्यावांगडा जिंकाक गावला नसता, म्हणान..."

तिच्याबरोबर तो जिंकला नसता हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त लागलं. लहानपणापासून ओळखीचं तोंड होतं ते. शेवटी तिला बघवेना.

"सोड तेका, महाराजा," ती म्हणाली. "आमी दोघां मिळान घराक जातंव."

"व्हय महाराजा," काका म्हणाले.

चुण्या एकेक करून सुटल्या. दत्तू धडपडत उठला. किशोरी टेम्पोतली सायकल सोडवायला वळली. दोरीची गाठ सुटेपर्यंत मागे पेडलचा आवाज झाला. दत्तू सायकलवर बसून सुसाट निघाला होता. घरच्या वाटेने नव्हे, तर वेशीबाहेर, हमरस्त्याकडे. त्याने तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

झाडाखाली घुंगरं वाजली. विडीचा वास किशोरीच्या अगदी जवळून गेला, आणि घुंगरं रस्त्याला लागली. सावकाश, काहीच घाई नसल्यासारखी.

"हाक मार गो तेका!" काकांचा आवाज कापत होता. "थांब म्हणान सांग! तुझा ऐकतलो!"

किशोरीने तोंड उघडलं. दत्तू अजून वळणापर्यंत पोचला नव्हता. हाक सहज ऐकू गेली असती.

"व्हय महाराजा," ती म्हणाली.

दत्तू वळणाआड गेला. क्षणभर काहीच नाही. मग करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला, थांबला नाही, आणि हळूहळू जवळ येऊ लागला.